सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

इ. स. १९३८ च्या सप्टेंबर महिन्याचा पहिला दिवस. मुंबईच्या बंदरातून राजपुताना नावाची आगबोट पूर्वेच्या वाटेला लागली. तिच्यावर पाच भारतीय डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. अटल हे त्यांचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने सर्वांत वडील. डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे दोघे कलकत्त्याचे. पाचवे होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. परदेशी जाऊन मोठी पदवी मिळवावी किंवा पैसा गाठीस बांधावा, असा या पाचांचा हेतू नव्हता. चीन देशात वर्षभरापासून घनघोर युद्ध पेटलेले होते आणि तेथील जखमींच्या शुश्रूषेसाठी ते निघाले होते. पाचांपैकी चौघे यथाकाळ मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर हे तेव्हा गिरण्यांचे गाव होते. पहाटे भोंगा झाला की गल्लीगल्लीतून कामगारांचे लोंढे गिरण्यांकडे वळत आणि घराघरांतून हातमागांचा खटखटाट ऐकू येई. द्वारकानाथांचे वडील शांतारामपंत हेही गिरणीत कारकुनी करीत. घरात आठ भावंडे, तीन मुलगे व पाच मुली. मध्यम स्थितीतील एवढ्या मोठ्या कुटुंबात एका मुलाला डॉक्टर करावयाचे म्हणजे सर्वांनाच हात आखडता घ्यावा लागे. शांतारामपंतांनी ते धाडस केले. द्वारकानाथ मुंबईस गेले, सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पुढील उच्च परीक्षेची तयारी करू लागले. मुलगा आता स्थिरावेल, घराला हातभार लावील, अशी आशा आईवडिलांना वाटू लागली होती. अशा वेळी चीनला जाणाऱ्या पथकासाठी डॉक्टर हवे असल्याची बातमी द्वारकानाथांच्या कानी आली.

चीनमधील हे युद्ध का पेटले, हे समजून घ्यावयाचे तर आपल्या इकडच्या कापूसबाजारापासूनच आरंभ केलेला बरा. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची एक मोठी पेठ. तिच्यासाठी १८७० साली जलंबपासून रेल्वेचा खास फाटा काढण्यात आला. सरकी काढून, दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी येथून मुंबईस जात आणि मुंबईहून आगबोटींनी देशोदेशी रवाना होत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून आखूड धाग्याच्या या वऱ्हाडी कापसाचे एक अत्यंत मोठे गिऱ्हाईक होते जपान. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकलेला कापूस जपानातील ओसाका शहरी काता-विणला जाई, आणि त्याचेच कापड पुढे चीनच्या व हिंदुस्थानच्या बाजारात स्वस्त दराने विकावयास येई.

जपान हा बेटांचा देश. १८६८ नंतर त्याने मोठ्या झपाट्याने यंत्रविद्या आत्मसात केली. गिरण्या, रेल्वे, पोलादाचे कारखाने, तोफांचे व युद्धनौकांचे कारखाने असे सारे दोन पिढ्यांच्या अवधीत उभे राहिले. परंतु यंत्रांना लोखंड लागते, कोळसा लागतो, तेल लागते. आणि या वस्तू जपानच्या भूमीत पुरेशा नव्हत्या. तयार मालाला बाजारपेठही हवी. युरोपातील बलाढ्य राष्ट्रांनी दुसऱ्यांचे देश ताब्यात घेऊन आपली गरज भागविली होती. तोच कित्ता जपानने गिरविला. १८९५ साली त्याने फोर्मोसा बेट घेतले आणि १९१० साली कोरिया देश गिळला. पुढे १९२९ साली जगभर मंदीची लाट आली. मालाला उठाव नाहीसा झाला. जो तो देश परक्या मालावर जबर जकात बसवू लागला. हिंदुस्थानातील इंग्रज सरकारनेही १९३३ साली जपानी कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत चढविली, तेव्हा जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेण्याचेच थांबविले. पुढील वर्षी दोन्ही सरकारांत करार होईपर्यंत वऱ्हाडच्या शेतकऱ्याला त्याची झळ सोसावी लागली.

जपानात या मंदीच्या काळात सेनापतींचे वजन वाढले. कोळसा, लोखंड व सुपीक जमीन शस्त्राच्या बळावर मिळवावी, असे ते उघडपणे प्रतिपादू लागले. विरोध करणाऱ्या मंत्र्यांचे खूनही पडले. आपल्याला एखाद्या वस्तूची गरज आहे एवढ्यावरून ती दुसऱ्याची हिरावून घेण्याचा हक्क प्राप्त होत नाही, हा साधा विचार त्या गदारोळात लोपला. १९३१ साली जपानी सैन्याने चीनचा मांचुरिया प्रांत व्यापला. चीन देश विस्ताराने प्रचंड, पण त्या वेळी आपसातील यादवीने पोखरलेला होता. ७ जुलै १९३७ रोजी रात्री, आज ज्याला बीजिंग म्हणतात त्या पेकिंग शहरानजीक, मार्को पोलो पुलाजवळ कवायत करणाऱ्या जपानी तुकडीतील एक शिपाई सापडेना. त्याच्या शोधाच्या निमित्ताने कुरबूर झाली. तो शिपाई लवकरच परतला. परंतु तोवर गोळीबार सुरू झाला होता. कारणे अनेक वर्षे साठत आलेली होती. त्यांना ठिणगी पडली एवढेच. हे युद्ध पुढे दुसऱ्या महायुद्धात मिसळले आणि १९४५ पर्यंत चालले. एक कोटीहून अधिक चिनी माणसे त्यात मृत्यू पावली.

पूर्वीच्या लढाया रणांगणावर होत. हे यंत्रयुगातील युद्ध मात्र थेट गावात आणि घरात शिरले. विमानांतून पडणारा बॉम्ब शिपाई कोण आणि तान्हे मूल कोण हे पाहत नाही. शांघाय शहरात तीन महिने रणकंदन झाले. डिसेंबर १९३७ मध्ये नानकिंग ही राजधानी पडली, तेव्हा विजयी सैन्याने तेथील निःशस्त्र प्रजेची भयंकर कत्तल केली. युद्धात आपल्याच माणसांवर आपणच आपत्ती आणण्याचा प्रसंगही येतो. जून १९३८ मध्ये शत्रूची वाट अडविण्यासाठी चिनी सरकारनेच पीत नदीचे बांध फोडले. त्या पुराने शत्रू काही काळ थोपला खरा, पण लक्षावधी चिनी शेतकरी बुडाले, निराश्रित झाले. लोक घरेदारे सोडून पश्चिमेकडील डोंगराळ मुलखाकडे चालू लागले. कारखान्यांची यंत्रे सुटी करून नावांतून व माणसांच्या पाठीवरून वाहून नेण्यात आली. जखमींची गणती नव्हती, आणि त्यांना पाहावयास डॉक्टर मात्र फार थोडे होते.

अशा वेळी चिनी सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. हिंदुस्थान स्वतःच त्या वेळी पारतंत्र्यात होता. तरीही राष्ट्रसभेचे त्या वर्षीचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. गावोगावी चीनदिन साजरा झाला आणि सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमला. डॉक्टर, औषधे, शस्त्रक्रियेची उपकरणे व एक रुग्णवाहिका पाठवावी असे ठरले. द्वारकानाथांनी आपले नाव कळविले. सोलापुरास घरी ही वार्ता गेली, तेव्हा आईचे मन कचरले असल्यास नवल नाही. शांतारामपंतांनी मात्र मुलाला अनुमती दिली. एवढ्या कष्टाने शिकविलेला मुलगा आगीच्या तोंडी पाठविताना त्या पित्याला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१७ सप्टेंबर रोजी पथक कँटन बंदरात उतरले. चीनचे थोर नेते सन यत्-सेन यांच्या पत्नी स्वागतास आल्या होत्या. तेथून ते हँकौ शहरी गेले आणि लगेच रुग्णालयात कामाला लागले. परंतु ऑक्टोबर संपण्यापूर्वीच कँटन आणि हँकौ ही दोन्ही शहरे पाठोपाठ शत्रूच्या हाती पडली. पथकाला यांगत्से नदीच्या मार्गाने चुंगकिंगपर्यंत माघार घ्यावी लागली. ज्या बंदरातून देशात पाऊल ठेवले, ते बंदरच आता परत जाण्यास मोकळे राहिले नाही.

चुंगकिंग येथेच जानेवारी १९३९ मध्ये कोटणीसांना घरची बातमी मिळाली, की वडिलांचे सोलापूर येथे निधन झाले. सहकाऱ्यांनी त्यांना परत जाण्याचा आग्रह केला. त्यात गैर असे काहीच नव्हते. घरी विधवा आई होती, भावंडे होती, वडिलांच्या पश्चात जबाबदारी अंगावर आली होती. तिकडे गेले असते तर त्यांना कोणीही बोल लावला नसता. पण पथक तेव्हा उत्तरेकडील येनानकडे निघण्याच्या तयारीत होते आणि तेथे डॉक्टरांची सर्वांत अधिक निकड होती. कोटणीसांनी दुःख गिळले आणि ते इतरांबरोबर पुढे निघाले. त्यांच्या साऱ्या चरित्रात हा क्षण सर्वांत अवघड होता असे म्हटले पाहिजे. पुढे बॉम्बच्या वर्षावात त्यांनी जे धैर्य दाखविले, तसे धैर्य अनेकांच्या ठायी असते. घरच्या हाकेला नकार देण्याचे धैर्य निराळे, आणि त्याची किंमत केवळ त्यांनीच दिली असे नाही. सोलापूरच्या त्या घरानेही ती दिली.

फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. येनान हा पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा मुलूख. विमानहल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून लोक टेकड्यांत कोरलेल्या गुहांतून राहत. रुग्णालयही गुहांतच होते. पथकातील प्रत्येकाने आपल्याला चिनी नाव घेतले होते आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ह्वा हे अक्षर जोडले होते. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस झाले के ती-ह्वा. पण नुसत्या नावाने परका मनुष्य आपला होत नसतो. कोटणीसांनी चिनी भाषा शिकावयास घेतली. ती लिपी अतिशय कठीण. हजारो चिन्हे पाठ करावी लागतात. थोड्याच काळात ते चिनी भाषेत रोग्यांशी बोलू लागले, पुढे वाचू-लिहू लागले आणि अखेर त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवूही लागले.

डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी लवकरच मायदेशी परतले. उरलेले तिघे १९३९ च्या अखेरीस येनान सोडून आघाडीकडे निघाले. थंडी कडाक्याची, वाट डोंगरांतून, आणि रेल्वेमार्ग तर सारे जपान्यांच्या ताब्यात. रात्रीच्या अंधारात ते ओलांडावे लागत. डॉ. अटल यांना आजारामुळे परतावे लागले आणि काही काळाने डॉ. बसूंना येनानला बोलावण्यात आले. होपेई प्रांतातील त्या दुर्गम आघाडीवर पाचांपैकी एकटे कोटणीस राहिले.

त्यांच्या आधी याच आघाडीवर नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे एक निष्णात शल्यवैद्य काम करीत होते. हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. डॉक्टरच्या बोटाला झालेल्या एवढ्याशा जखमेने जेथे प्राण जातो, तेथे तोफेच्या गोळ्याने फुटलेल्या पायाची काय कथा! जखमेत जंतूंचा शिरकाव होणे हाच तेथील मोठा शत्रू होता. चोहोबाजूंनी नाकेबंदी असल्यामुळे औषधे मिळत नसत. भूल देण्याचे औषध जपून वापरावे लागे. पट्ट्या धुऊन, उकळून पुनःपुन्हा वापरीत. मोडलेली हाडे लाकडाच्या फळ्यांत बांधीत. खेड्यातील कोणाही शेतकऱ्याचे घर शस्त्रक्रियेची खोली होई आणि घरातील दार काढून त्याचे मेज करण्यात येई.

ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सैन्याने उत्तरेत मोठी चढाई केली. जपान्यांचे बळ रेल्वेवर व कोळशाच्या खाणींवर अवलंबून होते, म्हणून रूळ उखडणे, पूल पाडणे, खाणी निकामी करणे हाच त्या चढाईचा रोख होता. लढाई आठवड्यांमागून आठवडे चालली. जखमींच्या डोल्या डोंगरावरून अखंड उतरत होत्या. या काळात कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर ७२ तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, ते न झोपता शस्त्रक्रिया करीत राहिले. समोर येणारे बहुतेक जखमी म्हणजे विशीच्या आतबाहेरची शेतकऱ्यांची पोरे. कालपर्यंत त्यांच्या हाती नांगर होता. त्यांना मारणारी जपानी पोरेही बहुधा अशीच कोणा शेतकऱ्याच्या घरून आलेली होती.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालविलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे पक्की इमारत असे मात्र कोणी समजू नये. शत्रू जवळ आल्याची वर्दी मिळाली की रोगी, औषधे, उपकरणे पाठीवर घेऊन सारे रुग्णालय रातोरात डोंगरात हलवावे लागे. त्या दोन वर्षांत जपानी सैन्याने या मुलखातील खेडी जाळली, धान्य लुटले. पाऊसही कमी पडला. डॉक्टर काय आणि रोगी काय, भरड धान्यावर गुजराण करीत. कोटणीस थट्टेखोर, हसरे होते, गाणेही म्हणत. त्यांच्या येण्याने रोग्यांना धीर येई. अशा धावपळीतही ते वैद्यकीय शाळेतील विद्यार्थ्यांना शिकवीत. पुस्तके नसल्यामुळे शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक त्यांनी स्वतःच चिनी भाषेत लिहावयास घेतले.

याच शाळेत क्वो छिंग-लान नावाच्या तरुणी परिचारिकांना शिक्षण देत. १९४१ च्या अखेरीस त्यांचा व कोटणीसांचा विवाह झाला. पुढील वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात त्यांना पुत्र झाला. सेनापती न्ये यांच्या सूचनेवरून त्याचे नाव यिन-ह्वा ठेवण्यात आले. यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन.

परंतु हे सुख अल्पकाळ टिकले. अतिश्रम, अपुरे अन्न आणि जागरणे यांनी कोटणीसांची प्रकृती ढासळली होती. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारांसाठी आघाडी सोडून जावे, असा सल्ला त्यांना देण्यात आला. पण रुग्णालय कोणाच्या हाती सोपवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ते राहिले आणि काम करीत राहिले. डिसेंबर १९४२ मध्ये एका रात्री पाठोपाठ झटके आले. ज्यांनी शेकडो जखमींचे प्राण वाचविले, त्यांच्यासाठी योग्य औषध त्या डोंगरात नव्हते. ९ डिसेंबर रोजी पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे बत्तीस वर्षांचे. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता आणि शस्त्रक्रियेचे पुस्तक अर्धवट राहिले होते. ज्या शेतकऱ्यांच्या झोपड्यांतून त्यांनी काम केले, ते शेतकरी त्यांच्या अंत्ययात्रेला डोंगर उतरून आले.

सोलापूरला ही वार्ता बऱ्याच उशिरा पोहोचली. जगभर युद्ध पसरले होते आणि टपालाच्या वाटा बंद होत्या. राजपुताना ही त्यांना घेऊन गेलेली आगबोटही तोवर समुद्राच्या तळाशी गेली होती. युद्धकामी लावलेल्या त्या बोटीला एप्रिल १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने अटलांटिक महासागरात बुडविले होते.

पुढे ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यावरून चित्रपट काढला. शांतारामांनी स्वतःच त्यात कोटणीसांची भूमिका केली. यिन-ह्वाही वडिलांप्रमाणे वैद्यकाचे शिक्षण घेत होता. परंतु १९६७ साली, शिक्षण पुरे होण्यापूर्वीच, ऐन तारुण्यात त्याचा मृत्यू झाला. क्वो छिंग-लान यांना मात्र दीर्घायुष्य लाभले. त्या भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून जात. २०१२ साली त्यांचे निधन झाले. सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घरी आज त्यांचे स्मारक आहे.

युद्ध संपल्यावर कोटणीसांच्या अस्थी होपेई प्रांतातील शिजियाझ्वांग शहरी नेण्यात आल्या. तेथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांचे व बेथ्यून यांचे थडगे आहे. वसंत ऋतूत एका ठरावीक दिवशी चिनी लोक आपल्या पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून तेथे फुले वाहतात. कोटणीसांचे कोणीही रक्ताचे नातलग त्या गावी नाहीत. तरी त्या दिवशी त्यांचे थडगे झाडलेले असते आणि त्यावर फुले असतात.